आत्ता किती आणि चार वर्षांत किती: सांगली-सातारा जिल्ह्यांतील प्राचार्य, संस्थाचालक आणि लेखा विभागांना खुले पत्र

सन्माननीय प्राचार्य, संस्थाचालक आणि लेखा विभागातील सहकारी,

स. न. वि. वि.

निकाल लागले की महिनाभर आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या चौकाचौकांत कॉलेजांचे फ्लेक्स झळकतात. त्यावर पॅकेजचे आकडे असतात, इमारतीचा फोटो असतो, संस्थेच्या तीन पिढ्यांचे फोटो असतात. फी नसते. प्रवेश मार्गदर्शनाच्या टेबलावर मात्र पालक खुर्ची ओढता ओढताच विचारतो, "सर, आत्ता किती भरायचं?" वर्षाचे किती, हा प्रश्न त्यानंतर येतो. चार वर्षांचे मिळून किती, हे बहुतेक जण विचारतच नाहीत आणि कॉलेजही आपणहून सांगत नाही. पोरगा कुठल्या कॉलेजात जाणार हे पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घर पुढे कित्येक वर्षे फेडत बसते.

"आत्ता" म्हणजे जुलै-ऑगस्ट. कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या याच दिवसांत येतात आणि शेतकऱ्याचा हात याच दिवसांत सर्वांत रिकामा असतो. कृष्णाकाठी आडसाली उसाची लागण तेव्हाच चाललेली असते. सोसायटीतून उचललेले पीककर्ज बेणे, खत आणि मजुरीत गेलेले असते. कारखान्याचा बॉयलर पेटणार दिवाळीच्या आगेमागे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस तुटून गेल्यावर १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, मिळायला हवी. ती अगदी वेळेवर मिळाली असे धरले तरी नोव्हेंबर-डिसेंबर उजाडतो. तासगाव, कवठेमहांकाळकडच्या बागायतदाराची गत याहून अवघड. त्याचा माल निघतो जानेवारी ते एप्रिलमध्ये, बेदाण्याचे पैसे त्याच्याही मागून येतात, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात तो ऑक्टोबर छाटणीच्या औषधांची जुळवाजुळव करत असतो. माण-खटावात तर सगळा हिशेब ढगांवर.

अशा वेळी कॉलेज ६०,००० रुपये एकरकमी मागते. घर पतसंस्थेकडे वळते. दरसाल १४ टक्क्यांनी पाच महिन्यांसाठी घेतले तर व्याज होते ३,५००. ते कोणीही सोसेल. अडते ते जामीनदारावर. दोन जामीनदार उभे करून, कागद करून, संचालकाची सही होईपर्यंत आठवडा जातो, आणि कॅपमध्ये जागा मिळाल्यावर कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का करायला हातात जेमतेम काही दिवस असतात. मग होते काय, तर "दहा हजार भरा, बाकीचं दिवाळीनंतर बघू" म्हणणारे कॉलेज जिंकते. त्याची वर्षाची फी तुमच्यापेक्षा जास्त असू शकते, शाखा मुलाच्या यादीत सातव्या क्रमांकावर असू शकते. तरी तेच जिंकते. तुम्ही फी कमी ठेवूनही चांगला विद्यार्थी गमावता आणि कारण तुमच्या नोंदीत येत नाही, कारण तो तुमच्या काउंटरपर्यंत पोचलेलाच नसतो.

म्हणून पहिली मागणी: हप्ते पिकाच्या पैशाप्रमाणे बांधा. विद्यार्थ्याच्या वाट्याच्या फीपैकी चौथा हिस्सा प्रवेशावेळी, निम्मा हिस्सा डिसेंबरअखेर, उरलेला मार्चअखेर. हे लेखी द्या, पावतीच्या मागे छापले तरी चालेल. "बघू" हा शब्द पालकाला भीती घालतो आणि क्लार्कला मोकळीक देतो. पुढच्या तारखेचे चेकही घेऊ नका; खात्यात रक्कम नसताना चेक लागला की दंड भरायचा तो त्याच घराने.

आता वर्षाची फी. ही एक रक्कम असते असे पालक धरून चालतो. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी २०१५ च्या कायद्याखालचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि मंजूर आकडा त्याच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय असतो. त्यात शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क असे दोन भाग. समजा, एका इंजिनिअरिंग कॉलेजचे शिक्षण शुल्क १,००,००० आणि विकास शुल्क १०,००० आहे. आता एकाच बाकावर बसलेले चौघे बघा. पहिला खुल्या प्रवर्गातला, घरचे उत्पन्न ८ लाखांच्या आत, कॅपमधून आलेला. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीतून, म्हणजे आपण सगळे जिला ईबीसी म्हणतो तिच्यातून, निम्मे शिक्षण शुल्क शासन भरते. त्याच्या वाट्याला ६०,००० राहतात. शेजारची मुलगी एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गातली. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून आलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी आणि ओबीसी मुलींचे, उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरते. तिच्या वाट्याला १०,०००. तिसरा टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्कमाफी योजनेच्या, जागेवरचा. शिक्षण शुल्क माफ, त्यालाही १०,०००. चौथा संस्थास्तरावरच्या, म्हणजे कॉलेजने स्वतः भरायच्या, जागेवर बसलेला. त्याच्या बापाचे उत्पन्न दोन लाख असले तरी ईबीसी नाही, पूर्ण १,१०,००० घरातून.

चार वर्षांचे धरले तर पहिला २,४०,०००, दुसरी आणि तिसरा प्रत्येकी ४०,०००, चौथा ४,४०,०००. प्राध्यापक तेच, प्रयोगशाळा तीच. "तुमच्याकडे फी किती?" या प्रश्नाला कॉलेजचा माणूस १,१०,००० असे एकच उत्तर देतो, आणि ते ऐकून ती मुलगी उठून जवळच्या बी.ए.चा फॉर्म आणायला जाते. बी.ए. वाईट नव्हे. तिने ते चुकीच्या आकड्यावरून निवडले, एवढेच.

टीएफडब्ल्यूएसबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सर्वांत जास्त पैसा इथे हुकतो. मंजूर प्रवेशक्षमतेच्या ५ टक्के जागा या योजनेत त्या क्षमतेखेरीज जादा धरलेल्या असतात. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. साठच्या तुकडीत तीन जागा, म्हणजे कटऑफ चढा. पण या जागेचा पर्याय-कोड वेगळा असतो, त्याच्या शेवटी इंग्रजी 'टी' हे अक्षर असते. अर्जात टीएफडब्ल्यूएसला 'हो' म्हटले म्हणजे काम झाले असे मुले समजतात आणि पर्याय भरताना 'टी'चे कोड टाकतच नाहीत. मग पात्र असूनही जागा मिळत नाही. यंत्राने ती दिली नाही कारण कोणी मागितलीच नव्हती. याची उलटी चूकही होते. २०२५-२६ पासून पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की तो आपोआप गोठतो, म्हणजे तीच जागा पक्की धरली जाते; दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला मिळाला तरी तसेच. फीमाफीच्या मोहात नको असलेली शाखा वर लिहिली आणि मिळाली, की पुढच्या फेऱ्यांचे दार बंद. क्रम लावताना साधा हिशेब ठेवावा: एकाच कॉलेजच्या एकाच शाखेचे दोन कोड असतील तर 'टी'चा आधी, साधा लगेच त्याच्याखाली. शाखांचा आपसातला क्रम मात्र आवडीनेच लावावा. हे चार ओळींचे स्पष्टीकरण आणि स्वतःच्या कॉलेजचे 'टी'चे कोड तुमच्या माहितीपुस्तिकेत का नसतात?

"पुण्याला टीएफडब्ल्यूएस मिळालं, फुकट शिकेल," असे गावात पेढे वाटले जातात. वरचाच आकडा घेऊन बघू. पुण्यात चार वर्षांचे विकास शुल्क ४०,०००. मेस महिन्याला ३,५०० धरली तर दहा महिन्यांचे ३५,०००. खोलीतला आपला वाटा ३,००० धरला, पण करारनामा अकरा महिन्यांचा असल्याने सुट्टीतही भाडे चालू, म्हणजे ३३,०००. वर्षाला ६८,०००, चार वर्षांत २,७२,०००. एकूण ३,१२,०००, आणि डिपॉझिट, गादी-बादली, सणावाराचे येणे-जाणे याच्या बाहेर. दुसरीकडे घरापासून एसटीच्या अंतरावरचे कॉलेज, ईबीसीवर: फी २,४०,०००, पास महिन्याला हजार धरला तरी ४०,०००, एकूण २,८०,०००. फुकटचे ३२,००० रुपयांनी महाग पडले. तरीही पुणे निवडावे असे कोणाला वाटू शकते, कंपन्या तिथे आहेत हे खरेच. पण पेढे वाटण्याआधी हा कागद डोळ्यांखालून गेलेला बरा.

कर्मवीरांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले ते याच कारणाने: शाळेच्या फीच्या आधी भाकरी आणि अंथरुणाची सोय लागते. आज ती सोय योजनांमध्ये विखुरलेली आहे. अनुसूचित जातीच्या, अडीच लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलाला स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० मिळतात: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. वरच्या हिशेबात हे घातले की पारडे फिरते. अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. पण हे पैसे खर्च होऊन गेल्यावर येतात, आणि खोली भाड्याची असेल तर राहत असल्याचा पुरावा मागतात. घरमालक भाडेकरार करून द्यायला तयार नसतो, कारण त्याला भाडे कागदावर नको असते. खोली ठरवतानाच कराराचे बोलून घ्या, असे तुमच्या स्वागतकक्षातल्या माणसाने एक वाक्य सांगितले तर वर्षाचा भत्ता वाचतो.

आता एसटी. मासिक पासात विद्यार्थ्याला भाड्याचा साधारण तिसरा हिस्साच भरावा लागतो, त्यामुळे पास परवडतो. न परवडणारी गोष्ट म्हणजे तुमचे वेळापत्रक. प्रॅक्टिकलची शेवटची बॅच साडेपाचला सुटते, गावाची थेट गाडी पावणेसहाला स्टँडवरून निघते, आणि कॉलेज ते स्टँड वीस मिनिटे. गाडी चुकली की दोन ठिकाणी बदलून जायचे. पास एकाच मार्गाचा असल्याने एका टप्प्याचे तिकीट खिशातून आणि शेवटचे तीन किलोमीटर वडाप (खासगी प्रवासी जीप) मिळाली तर मिळाली. मुलगी असेल तर घरचे फीच्याही आधी विचारतात, "परतीची गाडी कितीला?" जत, आटपाडीहून सांगलीला किंवा दहिवडीहून साताऱ्याला रोजची ये-जा कोणी काढत नाही, त्यांना खोलीच घ्यावी लागते. पण पलूस, विटा, कोरेगाव, उंब्रजकडच्या मुलांना खोली घ्यावी लागणार की नाही, हे अनेकदा तुमच्या टाइमटेबल समितीच्या हातात असते. ये-जा करणाऱ्यांच्या प्रॅक्टिकलच्या बॅच दुपारी साडेतीनपर्यंत संपवा. एकाही पैशाची सवलत न देता तुम्ही त्या घराचे वर्षाचे खोलीभाडे वाचवाल.

शिष्यवृत्तीच्या टेबलाबद्दल आम्ही सर्वांत जास्त लिहू शकतो, पण जे पुन्हा पुन्हा चुकते तेवढेच लिहितो. महाडीबीटीवर, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, विद्यार्थ्याने अर्ज भरला की तो आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला येतो, मग प्राचार्यांच्या, मग विभागाकडे. इंजिनिअरिंग-पॉलिटेक्निकची फाईल पुण्याच्या तंत्रशिक्षण सहसंचालकांकडे जाते, साध्या बी.एस्सी.ची कोल्हापूरच्या उच्च शिक्षण सहसंचालकांकडे, अनुसूचित जातीची जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयाकडे. पालक तिन्हीकडे खेटे घालतो, आणि अर्ज कित्येकदा तुमच्याच क्लार्कच्या लॉगिनला पडून असतो. पोर्टलवर 'परत पाठवला' असा शेरा येतो तो मुलाने लॉगिन केले तरच त्याला दिसतो. आठवड्यातून एकदा परत आलेल्या अर्जांची यादी सूचनाफलकावर लावा. नाव नको असेल तर हजेरी क्रमांक लावा.

आणि आधार. खाते आधारला 'लिंक' असणे आणि शासनाचे पैसे त्या खात्यात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे जातात ते एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जुळवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत आधारला जोडलेल्या एकाच खात्यात. मुलाने सिमकार्ड घेताना दुकानदाराच्या सांगण्यावरून पेमेंट बँकेचे खाते उघडले आणि तिथे संमतीच्या चौकटीत टिक केली, की नोंद तिकडे सरकते आणि शिष्यवृत्ती त्या विसरलेल्या खात्यात जाऊन पडते. आईबरोबरचे जुने शाळेतले खाते व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेले असते, तिथून रक्कम परत फिरते. पतसंस्थेचे पासबुक चालत नाही. तपासायला दोन मिनिटे लागतात: आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते, कुठली बँक आणि चालू की बंद. प्रवेशाच्या दिवशीच, मोबाइल हातात असताना, क्लार्कने हे बघून अर्जावर बँकेचे नाव लिहावे. दाखल्यांचेही तसेच. नॉन-क्रीमीलेअर ३१ मार्चपर्यंत वैध हवा, उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा हवा, आणि जात पडताळणीची पावती म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. प्रमाणपत्र मुदतीत आले नाही तर राखीव जागा जाते, आणि जागेबरोबर फीचा सगळा हिशेब.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट मुलाच्या खात्यात येतो आणि त्याने तो कॉलेजला भरायचा असतो. ही रक्कम आपली नाही, फीची आहे, हे घरात कोणी सांगितलेले नसते. मेसेज येतो, पैसे काढले जातात, खताच्या दुकानाची उधारी फिटते, आणि सेमिस्टरच्या तोंडावर कॉलेज हॉलतिकीट अडवते. प्रवेशावेळी हे तोंडी सांगून एक ओळ लिहून घेतली तर हा प्रसंग टळतो. हॉलतिकीट अडवणे हा वसुलीचा मार्ग नव्हे, हे वेगळे सांगायला नको. तसेच पात्र मुलांकडून "आधी पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ" म्हणून शासनाचा हिस्साही आगाऊ मागितला जातो. शासनाने असे करू नका म्हणून सांगितले आहे, तरी चालते. शासनाचे पैसे तुम्हाला उशिरा मिळतात आणि पगार तुम्हाला दर महिन्याला करावे लागतात, ही तुमची अडचण आम्हाला ठाऊक आहे. पण जी वाट संस्थेला बघवत नाही ती दोन एकरवाल्याने कशी बघावी?

बी.एस्सी., बी.कॉम., बीसीए घेणाऱ्यांचा प्रश्न लहान दिसतो, तो तसा नाही. एकाच इमारतीत अनुदानित तुकडीची फी हजारांत थोडी असते आणि विनाअनुदानित तुकडीची तिच्या कित्येक पट. यादीत नाव कुठल्या तुकडीत लागले हे पावती हातात पडल्यावर कळते. अर्जाच्या पहिल्याच पानावर तुकडीचा प्रकार छापा.

प्रवेश रद्द करण्याबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम सोपे आहेत: शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केला तर फी पूर्ण परत, फक्त ५ टक्के किंवा जास्तीत जास्त ५,००० रुपये कापून; त्यानंतर पण शेवटच्या तारखेच्या आत ९० टक्के; तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८० टक्के; ३० दिवसांपर्यंत ५० टक्के; पुढे काही नाही. मूळ कागदपत्रे ठेवून घेता येत नाहीत. मूळ दाखला अडकला म्हणून चांगली जागा सोडलेली मुले दोन्ही जिल्ह्यांत आहेत.

कर्जाचे एकाच वाक्यात: बँक पहिल्यांदा मागते ते कॉलेजचे वर्षनिहाय खर्चपत्रक, आणि साडेसात लाखांपर्यंत तारण लागू नये अशी हमी योजना असूनही त्या पत्रकाअभावी प्रकरण टेबलावरच राहते.

म्हणजे घुमून-फिरून एका कागदावर यावे लागते. कॅपचे पर्याय भरायला सुरुवात होण्यापूर्वी प्रत्येक कॉलेजने एक पान दर्शनी भागात लावावे आणि संकेतस्थळावर ठेवावे. आडवे रकाने चार वर्षांचे. उभ्या ओळींत प्रवर्गानुसार विद्यार्थ्याने प्रत्यक्ष भरायची रक्कम, शासनाने भरायची वेगळी, परीक्षा, विमा, गणवेश, प्रोजेक्ट, शैक्षणिक सहल असे जे जे पुढे मागणार ते सगळे आताच, अनामत किती आणि ती कोणत्या अर्जाने परत मिळते, वसतिगृहाचे दहा महिन्यांचे की बारा, हप्त्यांच्या तारखा, विषय राहिला तर फेरपरीक्षेचे दर विषयाला किती. वायडी लागून तेच वर्ष पुन्हा करावे लागले तर त्या वर्षाला शिष्यवृत्ती मिळत नाही, हेही तळाशी लिहा. ते वाचून काही मुले पहिल्या सेमिस्टरला जरा लवकर अभ्यासाला लागतील.

पान भरायला लेखा विभागाला एक दुपार पुरते. आकडे जुळवायला, प्रवर्गांच्या ओळी तपासायला हाक मारलीत तर आम्ही वही घेऊन येऊ. फक्त त्या दिवशी शिष्यवृत्तीचे काम बघणारा माणूस रजेवर नसावा.

आपले,
सांगली व सातारा जिल्ह्यांत प्रवेश आणि शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसणारे काही शिक्षक व लिपिक